ऊसतोडणी यंत्र घ्यावे की टोळीच आणावी? एका ऊस उत्पादकाच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. भावकीतल्या पाच घरांचा मिळून इंदापूर तालुक्यात २२ एकर ऊस आहे. गेल्या हंगामात टोळी, म्हणजे ऊस तोडणाऱ्या मजुरांचा गट, वेळेवर न मिळाल्याने त्यातला काही ऊस मार्चअखेरपर्यंत उभा राहिला, वजनाला मार बसला, आणि आता पाचही घरांनी मिळून तोडणी यंत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला हार्वेस्टर म्हणतो ते, विकत घ्यावे असा विचार चालला आहे. यंत्र परवडेल का, त्याने खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, बिघडतो म्हणतात ते खरे का, आणि अकरा वर्षे आपल्याकडे येणाऱ्या आष्टीच्या टोळीला काय सांगायचे, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी एका सहकारी कारखान्याच्या शेती खात्यात २६ वर्षे काम केले. त्यातली शेवटची नऊ वर्षे यंत्रांच्या तोडणीचा कार्यक्रम माझ्याकडे होता, आणि निवृत्तीनंतर यंत्रे चालवणाऱ्या दोन-तीन गटांचे हिशेब पाहतो. आपली जमीन, सऱ्यांची रुंदी, कारखान्याशी असलेला करार आणि कर्जाचा व्याजदर मला ठाऊक नाही, म्हणून काही ठिकाणी उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून' असेच राहील.

आपण प्रश्न 'माणूस की यंत्र' असा मांडला आहे. माझ्या अनुभवात तो तसा कधी उभा राहिला नाही. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते, आणि मध्यम ताकदीचे यंत्र नीट चालले तर शंभर-सव्वाशे टन तोडते. एवढाच हिशेब असता तर हा विषय पंधरा वर्षांपूर्वीच संपला असता. कोयता केवळ ऊस तोडत नव्हता, आपल्या सर्वांच्या गैरव्यवस्थेचा भार तो मुकाट्याने उचलत होता. सरी अडीच फुटांची असो की पाच फुटांची, ऊस उभा असो की आडसाली, म्हणजे दीड वर्षाची, लागण लोळून गुंतलेली असो, रानात ओल असो, बांधाच्या कोपऱ्यात गाडी वळत नसो, कारखाना बंद पडून गव्हाणीपुढे, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपुढे, गाड्यांची रांग लागलेली असो, टोळीने कुणालाही 'हे जमणार नाही' असे फारसे म्हटले नाही. मजुरी टनावर असल्यामुळे अडचणीच्या रानात गेलेला वेळ त्यांच्याच पदरचा जात असे. यंत्र असा भार उचलत नाही. ते बंद पडते, रुतते, किंवा काम बिघडवते. त्यामुळे यंत्र घेण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की आजवर मजूर जे सोसत होते ते यापुढे आपण, कारखाना आणि यंत्रमालक यांपैकी कोण सोसणार आहे. आपल्या बाबतीत यंत्रमालकही आपणच असाल, म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्याला दोनदा द्यावे लागेल.

टोळ्या कमी पडत आहेत हे खरेच आहे, आणि त्याला एकच कारण नाही. बीड, जालना, परभणी, पाथर्डी या भागांतून येणाऱ्या कुटुंबांतली मुले शिकली आणि कोयता हातात घ्यायला तयार नाहीत. त्यात मला काही वावगे वाटत नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन टोळीचा मुकादम पसार होण्याचे प्रकार वाढल्याने वाहतूकदार हवालदिल झाले, आणि माझ्या पाहण्यात अनेक वाहतूकदार मजुरांच्या टंचाईपेक्षा या बुडीत उचलीला कंटाळून यंत्राकडे वळले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. ती रास्त होती, पण तिच्यामुळे हाताची तोडणी आणि यंत्राची तोडणी यांच्या दरांतले अंतर कमी झाले. २०२१-२२ चा हंगाम आपल्याला आठवत असेल. राज्यात १,३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला, तरी मराठवाड्यात ऊस उभा राहिला आणि हंगाम जून २०२२ पर्यंत लांबला. त्या उन्हाळ्यात भागाभागांतून यंत्रे हलवावी लागली, आणि आजवर यंत्राला नाके मुरडणारे चेअरमनसुद्धा त्याची चौकशी करू लागले.

आता परवडण्याविषयी. पुढचे आकडे मी पाहिलेल्या हिशेबांवरून धरलेले आहेत. आपल्या गावचा दर, डिझेलचा भाव आणि बँकेचे व्याज घालून ते पुन्हा मांडावेत. मध्यम यंत्राची किंमत एक कोटीच्या आसपास जाते. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनाने जी योजना आणली, तिच्यात किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान होते. आज योजना चालू आहे का हे महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर पाहून घ्यावे, आणि चालू असली तरी अनुदान खरेदीनंतर जमा होते, तोवर पूर्ण रकमेचे व्याज आपल्याच डोक्यावर असते, हे लक्षात ठेवावे. समजा ७० लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले, तर वर्षाचा हप्ता १८ लाखांच्या थोडा वर जातो. दोन पाळ्यांचे चालक आणि मदतनीस यांचे हंगामाचे सहा लाख, विमा आणि किरकोळ खर्चाचे दीड लाख धरले, तर यंत्र जागेवरून हलले नाही तरी साडेपंचवीस लाख रुपये लागणारच. यंत्र आणि त्याच्या सोबत सरीतून चालणारे दोन ट्रॅक्टर मिळून टनाला पावणेदोन लिटर डिझेल, म्हणजे साधारण १६० रुपये, आणि पाती, होज, चेन, बेअरिंग यांची दुरुस्ती टनाला ५० रुपये धरू. तोडणीचा दर ४५० रुपये मिळाला असे मानले, तर टनामागे हातात २४० रुपये उरतात. साडेपंचवीस लाखांना २४० ने भागले की उत्तर १०,६२५ टन येते. एवढे टन तोडल्यावर यंत्र फक्त स्वतःचे पोट भरते.

आपला २२ एकर ऊस एकरी ४० टनांनी ८८० टन होतो. ते यंत्राचे आठ दिवसांचे काम झाले. उरलेले जवळजवळ दहा हजार टन दुसऱ्यांच्या रानात तोडायचे आहेत, आणि ते कोणत्या रानात, कोणत्या क्रमाने, हे आपण ठरवत नाही. कारखान्याचे गट कार्यालय ठरवते. म्हणजे आपण विचार करताय तो स्वतःचा ऊस वेळेवर तुटण्याचा, आणि उभा करताय तो तोडणीचा धंदा. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या एक नाहीत. हंगाम कागदावर १२० दिवसांचा असला तरी सुरुवातीचा पाऊस, कारखान्याचे बंद, रान बदलण्यातला वेळ आणि यंत्राची दुरुस्ती वजा जाता नव्वद दिवस काम मिळाले तर नशीब म्हणावे. त्या नव्वद दिवसांत दररोज ११८ टन सरासरी लागते. मी पाहिलेल्या गटांपैकी एकाने १२,५०० टनांपर्यंत मजल मारली. वरच्याच दराने त्यांच्या हाती साडेचार लाख उरले असते, पाच घरांत वाटले तर घरटी नव्वद हजार. दुसऱ्या गटाचे ८,००० टनांवर गाडे अडले आणि सहा लाखांहून अधिक खोट आली. त्या गटाचे यंत्र चांगले होते, चालकही चांगला होता. त्यांना मिळालेली राने साडेतीन फुटी सऱ्यांची, अर्ध्या-अर्ध्या एकराची आणि एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर विखुरलेली होती. यंत्र तोडण्यापेक्षा रस्त्यावरच जास्त फिरले.

म्हणून यंत्राच्या कोटेशनवर सही करण्याआधी कारखान्याकडून एक गोष्ट लेखी घ्यावी, की हंगामात किमान किती टन काम मिळेल, सलग किती क्षेत्राचा पट्टा मिळेल, आणि कारखान्यामुळे यंत्र उभे राहिले तर त्याची भरपाई काय. पहिली दोन कलमे मिळू शकतात. तिसरे कलम मला २६ वर्षांत कुणी दिलेले आठवत नाही, पण मागावे. पंधरवड्याचे बिल पंधरवड्याला निघते का, हेही आधीच्या यंत्रमालकांना विचारावे. बँकेचा हप्ता बिलाची वाट पाहत नाही.

आता रान, कारण खरे काम तिथे आहे. यंत्राची चाके सरीत आणि उसाची ओळ दोन चाकांच्या मध्ये, ही त्याची मूळ बैठक आहे. पाच फुटांची सरी असेल तर ती जमते. साडेचार फुटांवर चालक जपून चालवू शकतो. त्याखाली चाक वरंब्यावर, म्हणजे थेट बुडख्यांवर, चढते. सरी लांब हवी, कारण प्रत्येक वळणावर मिनिटे जातात, आणि सरीच्या दोन्ही टोकांना १५ ते २० फूट मोकळी जागा हवी. ती मिळावी म्हणून बांधालगतचा ऊस आधी हाताने तोडून घ्यावा लागतो, म्हणजे यंत्र आले तरी चार कोयते लागतातच. बांधणी, म्हणजे उसाला लावलेली मातीची भर, एकसारखी नसेल तर पाती कुठे मातीत घुसतात, कुठे वितभर बुडखा वर सोडतात. ठिबकच्या नळ्या आधी गोळा केल्या नाहीत तर त्या उसाबरोबर गव्हाणीत जातात. रानात विसरलेली पहार, विजेच्या खांबाचा ताण, काठ नसलेली जुनी विहीर, यांच्यावर खुणेची झेंडी लावणे हे शेतकऱ्याचे काम आहे. तोडणारा माणूस ते पाहून वळसा घालत असे, चालकाला ते दाट उसात दिसत नाही. जुन्नरकडच्या माझ्या सहकाऱ्यांना याच्या जोडीला बिबट्याच्या पिलांचीही काळजी असते. टोळीला पिले दिसली तर टोळी हात थांबवते आणि वनखात्याला निरोप जातो. यंत्राच्या तोंडाशी तेवढा अवधी नसतो.

वाणाचाही फरक पडतो. को ८६०३२ तुलनेने उभा राहतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ वजनाला चांगला, पण आडसाली लागणीत लोळण्याची खोड मोठी. लोळलेला ऊस यंत्र तोडत नाही असे नाही, पण वेग निम्म्यावर येतो, आणि चालकाने घाई केली तर मुळासकट उपटतो.

खोडव्याविषयीची तक्रार अर्धी खरी आहे, आणि ती पुरती खरी कशी ठरते हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोव्हेंबरमधल्या एका पावसानंतर, गाळपाला ऊस कमी पडतोय म्हणून, मी एका शेतकऱ्याच्या चार फुटी, ओल्या काळ्या रानात यंत्र घातले. तिसऱ्या दिवशी पाहिले तर चाकांनी सऱ्या सिमेंटसारख्या दाबल्या होत्या, आणि बोथट पात्यांनी बुडखे चिरफाळले होते. त्या रानाचा खोडवा निम्मादेखील फुटला नाही. तो शेतकरी पुढची दोन वर्षे मला रस्त्यात भेटला की मान फिरवत असे, आणि त्याचे काही चुकत नव्हते. त्याच हंगामात, त्याच यंत्राने, जानेवारीत वाफशावरच्या, म्हणजे बेताची ओल असलेल्या, पाच फुटी रानात तोडलेल्या उसाचा खोडवा मात्र हातच्या तोडणीपेक्षा सरस आला, कारण यंत्राने बुडखा जमिनीलगत कापला होता. हाताने तोडताना दोन-तीन इंच बुडखा राहतो, तो नंतर मजूर लावून छाटावा लागतो, आणि बहुतेक जण तो छाटत नाहीत.

यंत्र आपल्या रानात आले की पहिली सरी तुटल्यावर थांबवायला लावा आणि वीस बुडखे वाकून पाहा. त्यांतले चार-पाच उभे चिरलेले असतील तर पाती बदलल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. तोडणीनंतर आठवड्याभरात बगला फोडून, म्हणजे वरंब्याच्या बाजू नांगरून, सरीतली दाबलेली माती मोकळी करा. पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची, कुट्टी रानभर पसरलेली मिळते, हा यंत्राचा मोठा फायदा. ती पेटवू नका. टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिले की ती कुजते, आणि पाण्याची एखाद-दुसरी पाळीही वाचते. तोटा असा, की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, राहत नाहीत. आपल्याकडे दावणीला जनावरे असतील तर हंगामाच्या चार-पाच महिन्यांचा हिरवा चारा विकत घेण्याचा खर्च हिशेबात धरा. मजुरांनाही वाढे विकून रोजचा भाजी-मिठाचा खर्च निघत असे.

वजनाच्या बाबतीत दोन ठिकाणी लक्ष ठेवावे. यंत्राच्या उसाबरोबर पाचट जास्त जाते म्हणून कारखाना वजनातून वजावट करतो. ती किती आणि कुणाच्या खात्यावर, शेतकऱ्याच्या की यंत्रमालकाच्या, हे कारखान्यागणिक वेगळे दिसते, म्हणून तोडणीआधी विचारावे. दुसरी गळती दिसत नाही. पाचट उडवणारा पंखा जोरात ठेवला तर गाडीत ऊस स्वच्छ जातो, पण पाचटाबरोबर उसाचे तुकडेही रानात उडतात. पंखा मंद ठेवला तर वजावट वाढते. खात्री करायची असेल तर तोडलेल्या रानातला एक गुंठा आखून त्यातले सगळे तुकडे वेचावेत, वजन करावे आणि चाळीसने गुणावे, एकरी नुकसान कळते. आणि यंत्राने केलेली कांडी, म्हणजे उसाचे तुकडे, पूर्ण उसापेक्षा लवकर आंबते, कारण प्रत्येक तुकड्याला दोन तोंडे उघडी असतात. हाताने तोडलेला ऊस दीड दिवस गाडीत राहिला तर जे नुकसान होते, ते कांडीचे त्याच्या निम्म्या वेळात होते. ज्या कारखान्याच्या गव्हाणीपुढे चोवीस तास रांग असते, तिथे यंत्राने तोडलेल्या उसाचा उतारा, म्हणजे त्यातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरणार, आणि दोष यंत्राला मिळणार.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा दाखला मला अनेकजण देतात. तिथे १९७० च्या दशकाअखेर जवळजवळ सगळा ऊस यंत्राने तुटू लागला होता, आणि आपल्याकडे दिसणाऱ्या 'ऑस्टॉफ्ट' यंत्रांचे मूळही तिथल्या बंडाबर्ग गावात आहे. पण तिथे यंत्रासाठी रानांची आखणी बदलली आणि कांडी भरलेले डबे छोट्या रेल्वेने थेट कारखान्यात नेण्याची सोय झाली. आपण यंत्र आणले आणि बाकीचे सगळे जिथल्या तिथे ठेवले.

एक गोष्ट मला अधिक खटकते, आणि ती हिशेबात कुठेच येत नाही. यंत्र आले की ते साहजिकच सरळ, सलग, उभ्या उसाची राने घेते. टोळ्यांच्या वाट्याला लोळलेला, ओल्या रानातला, अडचणीच्या वाटेचा ऊस उरतो. मजुरीचा दर टनाला तोच, पण चांगल्या रानात दोन टन तोडणारा कोयता तिथे सव्वा टनावर येतो. म्हणजे दर वाढूनही दिवसाची कमाई घटते, उचल फिटत नाही, आणि पुढच्या हंगामात टोळी आणखी कमी होते. याचा दुसरा चटका लहान शेतकऱ्याला बसतो. ज्याचा अर्धा एकर ऊस ओढ्याच्या काठी आहे, त्याच्याकडे यंत्र जात नाही आणि टोळी जायला राजी नसते, मग खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे टोळीला आणि गाडीवाल्याला द्यावे लागणारे वरचे पैसे, यांचे आकडे चढत जातात. कोयत्याचे काम टिकावे असे मी म्हणत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तिच्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एक दिवस कामावर नाही म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार, अशा व्यवस्थेत हे घडले. असे काम यंत्राने केले तर मला आनंदच आहे. मात्र ते टप्प्याटप्प्याने जात असताना सगळ्यात वाईट राने सगळ्यात गरीब माणसांकडे ढकलली जाऊ नयेत, आणि अडचणीच्या रानाला टनामागे वेगळा दर असावा, असे मी कारखान्याच्या बैठकांत मांडत आलो. शेतकी समितीने दोनदा ऐकून घेतले, एवढेच.

आपल्यासाठी माझा सल्ला असा. या वर्षी यंत्र घेऊ नका. येत्या लागणीत पाचही घरांची सरी पाच फुटांची करा, शक्य तिथे मधले बांध काढून लांबी वाढवा, आणि लागणीच्या तारखा जुळवा, म्हणजे २२ एकर एका दमात तोडायला येतील. असे सलग रान दिसले की कारखान्याचे किंवा दुसऱ्याचे यंत्र आपणहून येते, त्याला बोलवावे लागत नाही. दोन हंगाम भाड्याचे यंत्र आपल्या रानात चालताना पाहा, त्याच्या मालकाकडे डिझेलची वही मागा, आणि घरातल्या एखाद्या तरुणाला त्या यंत्रावर मदतनीस म्हणून हंगामभर पाठवा. ज्या गटाचा स्वतःचा माणूस हायड्रॉलिकची होज रात्री दोन वाजता बदलू शकतो तो तरतो. ज्याला प्रत्येक वेळी कंपनीचा मेकॅनिक लागतो, त्याचे दिवस वाट पाहण्यात जातात. त्यानंतरही घ्यावेसे वाटले, आणि आसपासचे चार-पाचशे एकर पाच फुटी झालेले असले, तर जरूर घ्या. कारखान्याला बारा हजार टनांचे काम लिहून द्यायला तेव्हा जड जाणार नाही.

आष्टीच्या टोळीविषयी आपण विचारलेत हे मला आवडले, कारण हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्यांना खरे सांगा, आणि वेळेवर सांगा. उचलीचे बोलणे उन्हाळ्यात सुरू होते आणि दसऱ्यानंतर गाड्या निघतात. पोळा झाल्यावर 'यंदा यंत्र लावतोय' असा फोन गेला तर त्या कुटुंबांना दुसरीकडे चांगले काम मिळत नाही, मिळेल त्या मुकादमाकडे मिळेल त्या रानात जावे लागते. पुढचे दोन हंगाम तरी आपल्याला बांधालगतचा ऊस, बेण्याचा ऊस आणि लोळलेले तुकडे यांसाठी सहा-सात कोयते लागणारच आहेत. ते काम त्यांनाच द्या, मात्र त्याचा दर टनावर न ठरवता रोजावर ठरवा, कारण ते काम टनावर परवडणारे नाही. टोळीत दहावी-बारावी झालेला, ट्रॅक्टर चालवता येणारा कुणी मुलगा असेल तर त्याला यंत्रासोबतच्या ट्रॅक्टरवर घ्या. आमच्याकडे दोन चालक असेच तयार झाले. त्यांतला एक आज रात्रपाळीचे यंत्र एकटा सांभाळतो, आणि बांधाच्या कडेचा ऊस तोडायला त्याचेच आई-वडील येतात. हे सगळे बोलणे अक्षय्य तृतीयेच्या आसपास, समोरासमोर बसून करा.